आई स्टुटगार्टला गेली की मालिका बंद : दर वेळी नव्यानं शोधावं लागणारं दुखणं

रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. मी ताटावर बसलो की फोन वाजणारच, हे आमच्या घरात आता ठरल्यासारखं आहे. पलीकडून आई, जर्मनीतल्या स्टुटगार्टहून, ताईच्या घरून. तिथे दुपारचे तीन चाळीस झालेले.

"अरे, लागूनच नाही राहिलं. नुसतं गोल फिरून राहिलं. तू तिकडून काही बंद केलं का?"

मी काहीच बंद केलेलं नसतं. मी इथे नागपुरात, प्रतापनगरात, हात भरताच्या वांग्यात. पण मायलेकींचा एक ठाम समज आहे की सगळ्या इंटरनेटची मेन स्विच माझ्याच घरी आहे.

आई-बाबा ताईकडे तीनदा जाऊन आले : २०१९, २०२२ आणि यंदा, २०२५ मध्ये, फेब्रुवारी ते मे. व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणजे आईच्या हिशेबात मालिकेच्या नव्वद संध्याकाळी. तिन्ही वेळा मालिका बंद पडली आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. खरा घोळ इथेच होतो. आपल्याला वाटतं, मागचंच दुखणं उलटलं, म्हणून आपण मागचंच औषध देत बसतो. 'लागत नाही' हे फक्त लक्षण आहे. त्यामागे निदान पाच वेगळी कारणं असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागत नाही.

पुढच्या महिन्यात ताईच्या सासूबाई तिकडे चालल्या आहेत. त्यांच्या तीन मालिका आहेत. म्हणून सगळं एकदाचं लिहून काढतो.

आधी स्क्रीनचा फोटो मागवा

फोनवर विचारू नका की काय झालं. आईच्या भाषेत सगळ्याला 'बंद पडलं' म्हणतात. ॲप उघडत नाही, तेही बंद पडलं. जाहिरात चालू आहे, तेही बंद पडलं. मी पहिल्या खेपेला दोन दिवस वाय-फायचा पासवर्ड बदलत बसलो होतो. मग ताईनं फोटो पाठवला, तर स्क्रीनवर इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं : हा कार्यक्रम तुमच्या भागात उपलब्ध नाही. पासवर्डचा काही संबंधच नव्हता.

फोटो आला की निम्मं काम होतं. 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' असं असेल तर अडवणूक देशावरून आहे. 'व्हीपीएन किंवा प्रॉक्सी बंद करा' असं असेल तर कोणीतरी जुगाड केलेला आहे आणि तो पकडला गेला आहे. ओटीपीचा रकाना रिकामा दिसत असेल तर भानगड सिमकार्डाची. पडदा काळा पण आवाज येतो, तर टीव्ही आणि फोन यांचं आपसात जमत नाही. नुसतं गोल फिरत असेल तरच वाय-फायकडे बघा. आमच्या घरी ते कारण तीन खेपांत एकदाच निघालं, आणि तेही भाच्यानं राउटर खेळण्याच्या खोक्यात ठेवल्यामुळे.

ॲपला कसं कळतं की आई जर्मनीत आहे

"माझा फोन नागपूरचा, सिम नागपूरचं, पैसे नागपूरच्या खात्यातून भरले. मग त्याला कसं कळलं?" हा आईचा प्रश्न रास्त आहे.

तिला मी लँडलाइनवरून समजावलं. आपला एसटीडी कोड ०७१२. तो नंबर माणसाचा नसतो, लायनीचा असतो. तुम्ही दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या फोनवरून बोललात तर समोरच्याला त्याच घराचा नंबर दिसणार. इंटरनेटचा आयपी पत्ता तसाच. ताईच्या वाय-फायवर आईचा फोन जोडला की तो ताईच्या लायनीचा पत्ता वापरतो, आणि तो जर्मनीला वाटलेल्या पत्त्यांपैकी असतो. युरोपातले पत्ते राइप नावाची संस्था वाटते, आपल्याकडचे एपनिक. कोणता पत्ता कोणत्या देशाचा, याच्या याद्या तयार असतात आणि ॲप त्या यादीत बघून दार उघडतं किंवा लावतं. गंमत म्हणजे स्टुटगार्टचा लँडलाइन कोड ०७११ आहे. आपला ०७१२. एका आकड्यानं मालिका गेली म्हणून आईनं तेव्हा कपाळाला हात लावला होता.

याच तर्कानं दुसऱ्या खेपेचं कोडं सुटलं. २०२२ मध्ये आईची तक्रार अशी होती की लोकल ट्रेनमध्ये बसलं की मालिका लागते आणि घरी आलं की लागत नाही. भाऊजींना वाटलं, आईंचा काहीतरी गैरसमज होतो आहे. तसं नव्हतं. घराबाहेर वाय-फाय तुटायचं आणि फोन भारतीय सिमच्या रोमिंग पॅकवर जायचा. रोमिंगचा डेटा सहसा आपल्या कंपनीच्या भारतातल्या जाळ्यापर्यंत जातो आणि तिथून पुढे इंटरनेटवर निघतो. म्हणजे आई बसलेली जर्मनीत, पण ॲपला पत्ता दिसायचा भारतातला. घरी आली, वाय-फाय लागलं, की परत ०७११.

म्हणून 'कधी लागते, कधी लागत नाही' अशी तक्रार आली की पहिला प्रश्न हा : फोनच्या वरच्या पट्टीत त्या वेळी पंखा दिसतो की फोर-जी, फाइव्ह-जी? (वाय-फायच्या चिन्हाला आई पंखा म्हणते. मीही आता तेच म्हणतो.) थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याला रोमिंग पॅकवर मालिका बघणं हा खरं तर सगळ्यात सरळ मार्ग. फक्त क्वालिटी सगळ्यात खाली ठेवा. तरी तासाला काहीशे एमबी जातातच आणि पॅक संपल्यावरचा दर वाचला तर मालिकेपेक्षा जास्त रडू येतं. विमानतळावर घेतलेल्या प्रवासी ई-सिमचा मात्र भरवसा नाही. त्यातल्या कित्येकांचा डेटा तिसऱ्याच देशातून बाहेर पडतो. तुम्ही जर्मनीत, सिम घेतलं भारतातून आणि ॲप म्हणतं तुम्ही सिंगापुरात आहात, असं होऊ शकतं.

पैसे भरले तरी का नाही

बाबांचा संताप यावरच होता. वर्षाचे पैसे घेतले, मग दाखवायला काय जातं?

जातं ते हक्कांमध्ये. मालिका, सिनेमा, सामना, सगळ्यांचे प्रक्षेपण हक्क देशागणिक विकले जातात. भारतातली वर्गणी ही भारतात बघण्याची वर्गणी. युरोपियन संघानं १ एप्रिल २०१८ पासून आपल्या सदस्य देशांपुरता नियम केला आहे की एका देशात घेतलेली वर्गणी माणूस तात्पुरता दुसऱ्या सदस्य देशात गेला तरी चालली पाहिजे. म्हणजे ताई सुट्टीत इटलीला गेली तर तिची जर्मनीतली वर्गणी चालते. आई नागपूरहून गेली तर तिची चालत नाही, कारण आपण त्या नियमात येत नाही.

त्यात घरंही सारखी बदलतात. कलर्स मराठीच्या मालिका आधी वूटवर, मग जिओसिनेमावर, आणि १४ फेब्रुवारी २०२५ पासून जिओहॉटस्टारवर. अमेरिकेत हॉटस्टारची वेगळी सेवा होती, ती नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी बंद झाली आणि तिथला मजकूर हुलूवर गेला. त्यामुळे 'माझ्या भाचीनं न्यू जर्सीत असं केलं होतं' या सल्ल्याला, भाची कितीही हुशार असली तरी, साल विचारा. दोन वर्षं जुना सल्ला बहुतेक वेळा मेलेला असतो.

तेव्हा पहिला उपाय कंटाळवाणा आहे आणि तोच टिकतो : ज्या वाहिनीची मालिका हवी, तिची त्या देशासाठी वेगळी आवृत्ती विकत मिळते का ते बघा. झी५ ची जागतिक आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये एकशे नव्वदहून जास्त देशांसाठी आली. अमेरिकेत ती जून २०२१ मध्ये सुरू झाली. झी मराठीच्या मालिका बघणाऱ्यांचा प्रश्न तिथे बऱ्यापैकी सुटतो. ती वर्गणी भारतातल्या वर्गणीपेक्षा वेगळी असते आणि वेगळी भरावी लागते. इथेच घरात वाद होतो. एकाच मालिकेचे दोनदा पैसे का? माझं म्हणणं, तीन महिन्यांचे पैसे भरा आणि गप जेवा. मी तीन खेपांत जितक्या रात्री गार झालेली भाजी खाल्ली, तिच्या मानानं ही रक्कम काहीच नाही.

भरताना दोन खड्डे आहेत. भारतीय कार्डानं युरोत पैसे भरायला गेलात की कार्ड नाकारलं जाऊ शकतं. रिझर्व्ह बँकेच्या १६ मार्च २०२० पासूनच्या नियमानुसार नवं कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतंच सुरू असतं. परदेशी व्यवहार आपण मागून सुरू करून घ्यावा लागतो. दुसरं, दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. त्यामुळे पहिला महिना जातो आणि दुसऱ्या महिन्यात नूतनीकरण अडकतं. आईकडून फोन : "परत बंद पडलं." हे दुखणं देशाचं नाही, कार्डाचं. सरळ तिथे राहणाऱ्या मुलीच्या किंवा जावयाच्या कार्डानं, त्यांच्याच नावाच्या खात्यात घ्या. आमच्याकडे ताईनं तिचं खातं उघडलं आणि आईला पासवर्ड दिला. त्या दिवसापासून त्या एका वाहिनीपुरती शांतता आहे.

ॲप दुकानात दिसतच नसेल तर आईच्या गूगल खात्याचा देश बदलू नका. तो वर्षातून एकदाच बदलता येतो. नंतर परत आल्यावर इथली ॲप मिळायची पंचाईत. त्याऐवजी त्याच फोनवर प्ले स्टोअरमध्ये ताईचं खातं जोडायचं, त्यातून ॲप उतरवायचं आणि परत आईच्या खात्यावर यायचं. आयफोनवाल्यांनी देश बदलायच्या फंदात तर पडूच नये. आधी चालू वर्गण्या बंद करा, शिल्लक रक्कम शून्य करा, अशी लांबलचक पंगत असते.

ओटीपी चष्म्याच्या डबीत

यंदाचं पहिलं दुखणं हे होतं आणि ते पकडायला मला तीन दिवस लागले. ॲप अपडेट झालं, त्यानं परत लॉगिन मागितलं. लॉगिन बाबांच्या नंबरावर. ओटीपी पाठवला असं दिसतं, येत मात्र नाही. मी इकडे मोबाइल कंपनीला फोन लावतो आहे, रोमिंग सुरू आहे का विचारतो आहे. ते म्हणतात, सुरू आहे. चौथ्या दिवशी सहज विचारलं, "बाबा, तुमचं नागपूरचं सिम फोनमध्येच आहे ना?"

"छे, जावईबापूंनी इथलं टाकून दिलं. आपलं मी नीट काढून ठेवलं, चष्म्याच्या डबीत."

तेव्हा जाण्याआधी हे करा. फोन दोन सिमचा असावा आणि भारतीय सिम दुसऱ्या खोबणीत राहू द्यावं. त्यावरचा मोबाइल डेटा बंद, फक्त मेसेजपुरतं. आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घ्या, कारण तिकडून सुरू करायलाही बहुतेक वेळा ओटीपीच लागतो. ज्या ज्या ॲपमध्ये लागेल तिथे इथूनच लॉगिन करून ठेवा, आणि जमलं तर नंबराऐवजी ईमेलवर. कोणी कितीही सांगितलं तरी लॉग-आउट करू नका. 'एकदा लॉग-आउट करून बघा' हा सल्ला नागपुरात निरुपद्रवी आहे, स्टुटगार्टात तो आत्मघात.

एक आतली गोष्ट. या वर्षी मार्चात आई अचानक खात्यातून बाहेर फेकली जायला लागली. रोज रात्री आठलाच. शोधलं तर कळलं, तिनं जाण्याआधी पासवर्ड शेजारच्या काकूंना देऊन ठेवला होता, "तोवर तुम्ही बघा" म्हणून. काकूंनी बहिणीला दिला. खात्यावर एका वेळी किती पडदे चालतात याला मर्यादा असते. आई तिसरी यायची.

व्हीपीएनचं खरं काय ते

आता सगळे ज्याची वाट बघत होते ते. व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट आधी दुसऱ्या देशातल्या संगणकाकडे जातं आणि तिथून पुढे. भारतातला सर्व्हर निवडला की ॲपला भारताचा पत्ता दिसतो. कल्पना सोपी आहे, चालते, आणि मग एका मंगळवारी चालत नाही.

का, ते सांगतो. भाड्याच्या सर्व्हरचे पत्ते मोजके असतात आणि एकाच पत्त्यावरून हजारो लोक बघत असतात. ते पत्ते ॲपवाल्यांच्या यादीत जातात आणि बंद होतात. कंपनी नवे पत्ते आणते, तेही जातात. भारताच्या बाबतीत आणखी एक वळण आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. आता यादीत 'भारत' दिसतो तो पुष्कळदा आभासी असतो : पत्ता भारताचा, यंत्र सिंगापुरात किंवा ब्रिटनमध्ये. काही याद्यांना ते भारत वाटतं, काहींना नाही. एक मालिका लागते आणि दुसरी नाही, याचं एक कारण हे.

दुसरं कारण घरातलं. काही व्हीपीएन जुन्या पद्धतीचा आयपी-व्ही४ पत्ता लपवतात आणि नवा आयपी-व्ही६ उघडा सोडतात. पुढचं दार बंद, मागचं सताड. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये आयपी-व्ही६ रोखण्याची खूण असते, ती करा. तिसरं : ॲपनं आधीच 'जर्मनी' लक्षात ठेवलेलं असतं. व्हीपीएन नंतर लावून काही होत नाही. ॲप पूर्ण बंद करा, लोकेशनची परवानगी काढा, कॅशे पुसा, मग व्हीपीएन, मग ॲप. या क्रमानं. मात्र 'क्लिअर डेटा' दाबाल तर लॉगिन जाईल आणि परत चष्म्याची डबी शोधावी लागेल.

फुकटचे व्हीपीएन घेऊ नका. त्याच फोनवर बाबांचं बँकेचं ॲप असतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जर्मनीत व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही, पण देशाची अडवणूक चुकवून बघणं बहुतेक ॲपच्या अटींत बसत नाही. खातं बंद झालं तर भांडायला जागा नसते. नागपूरहून शारजाला थेट विमान आहे, आपले बरेच लोक तिकडे जातात, त्यांनी तर विचारच करू नये. अमिरातीत व्हीपीएन वापरून गुन्हा केला किंवा लपवला तर पाच लाख ते वीस लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. मालिकेसाठी एवढं? माझं मत विचाराल तर मी दोन खेपा व्हीपीएनची सेवाचाकरी केली आणि तिसऱ्या खेपेला सोडून दिली. दर पंधरा दिवसांनी मोडणाऱ्या वस्तूला उपाय म्हणत नाहीत.

सोडण्याआधी, दुसऱ्याच खेपेला, एक प्रयोग मात्र केला. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर टाकलं आणि आईच्या फोनला सांगितलं की इंटरनेट आमच्या घरातून घे. आपल्याकडच्या बहुतेक जोडण्यांना स्वतःचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतो, एकाच पत्त्यामागे पुष्कळ घरं असतात; त्यामुळे राउटरमध्ये दार उघडून बाहेरून आत येता येत नाही. टेलस्केल ती अडचण टाळून आत येतं. पहिल्याच दिवशी लागलं. आई खूश, मी तर हवेत. अटींच्या हिशेबानं हेही तेच पाप, ते कबूल. पण ते पापही नागपूरच्या उन्हाळ्यापुढे टिकलं नाही. एप्रिल उजाडला. दुपारी पंचेचाळीसच्या दिशेनं पारा, कूलर, एसी, आणि संध्याकाळी बरोबर लाइट जायची. लॅपटॉप बॅटरीवर चालू, राउटर बंद. राउटर इन्व्हर्टरवर घेतला, तर लाइट आली-गेली की लॅपटॉप झोपी जायचा. शेवटी मालिका आठला आणि मी पावणेआठला घरी हजर, हे रुटीन झालं. ऑफिसात सांगायची सोय नाही की मला आईची मालिका चालू करायला जायचं आहे.

मोठ्या पडद्यावर घेताना

फोनवर चालतं पण टीव्हीवर 'उपलब्ध नाही' येतं, ही वेगळी भानगड. फोनवरून टीव्हीला लावलेल्या क्रोमकास्टला पाठवता तेव्हा फोन चित्र पाठवत नाही. तो फक्त सांगतो की अमुक भाग लाव. चित्र तो टीव्ही स्वतः, घरच्या लायनीवरून ओढतो. म्हणजे फोन भारताच्या पत्त्यावर असला तरी टीव्ही ०७११ वरच.

फोनचा पडदाच टीव्हीवर आरशासारखा दाखवायला गेलात तर पडदा काळा आणि नुसता आवाज. ते बिघाड नसतं, नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप असतं. त्याला एकच साधा उपाय म्हणजे लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल. फोनला टाइप-सीवरून एचडीएमआय लावणारी वायर सगळ्या फोनला चालत नाही, त्या पिनेतून चित्र बाहेर काढायची सोय फोनमध्ये मुळातच लागते. बर्डीच्या बाजारातून वायर घेऊन जाण्याआधी दुकानातच लावून बघा. आम्ही नाही बघितली. ती अजून ताईच्या ड्रॉवरमध्ये आहे.

सामने

२६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५. रणजीची अंतिम लढत, विदर्भ विरुद्ध केरळ, आणि तीही आपल्या नागपूरच्या जामठा मैदानावर. बाबा नेमके तेव्हा स्टुटगार्टात. खेळ इकडे साडेनऊला सुरू व्हायचा, तिकडे पहाटेचे पाच. बाबा पाचही दिवस उठून बसले. चित्र काही मिळालं नाही, धावफलकावरच काढले. विदर्भ ३७९, केरळ ३४२, पहिल्या डावातल्या सदतीस धावांच्या आघाडीवर आपला तिसरा करंडक. बाबांचं म्हणणं, बरं झालं दिसलं नाही, दिसलं असतं तर रक्तदाब वाढला असता.

खेळाचे हक्क मालिकांहून वेगळे विकले जातात. एखाद्या ॲपची परदेशी आवृत्ती घेतलीत म्हणजे त्यावर क्रिकेटही असेल असं धरू नका. अमेरिकेत भारतातलं क्रिकेट पुष्कळसं विलो नावाच्या वाहिनीवर असतं. बाकी देशांत प्रत्येक क्रिकेट मालिकेचं वेगळं. सामन्याच्या आदल्या दिवशी नाही, तिकीट काढतानाच बघून ठेवा.

बातम्यांची मात्र ददात नाही. मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट दाखवतात आणि त्या ताईच्या टीव्हीवर पहिल्या दिवसापासून चालल्या. आकाशवाणीचे प्रवाह न्यूजऑनएअर ॲपवर आहेत, बाबांच्या सकाळची सोय त्यातून झाली. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप २० नोव्हेंबर २०२४ ला आलं आहे, तेही एकदा लावून बघण्यासारखं. भारतीय वाणसामानाच्या दुकानात 'सगळे चॅनल, वर्षाचे एकदाच पैसे' असा काळा डबा मिळतो, तो घेऊ नका. डबा चोरीच्या प्रक्षेपणावर चालतो, आणि बंद पडला की दुकानदार आपल्याला ओळखत नाही.

पाडव्याचा घोटाळा

सगळं सुरळीत झालं होतं. ताईचं खातं, ताईचं कार्ड, सिम खोबणीत, काकूंचा पासवर्ड बदललेला. आईला थेट प्रक्षेपणच आवडतं, नंतर कधीतरी बघणं तिला शिळं वाटतं. रोज दुपारी साडेतीनला ती चहा घेऊन बसायची.

३१ मार्चला, सोमवारी, फोन. इकडे संध्याकाळचे सात वाजून पाच मिनिटं.

"यांनी मालिकाच बदलून टाकली रे. भलतीच बाई दाखवून राहिले."

मी फोटो मागवला. ॲप ठीक, वाहिनी ठीक, बाई खरंच भलती. दहा मिनिटं मी कॅशे पुसायला सांगत होतो. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. आदल्या दिवशी, ३० मार्चला, इकडे आम्ही गुढी उभारली आणि तिकडे पहाटे युरोपनं घड्याळ एक तास पुढे केलं. हिवाळ्यात आपल्यात आणि जर्मनीत साडेचार तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात साडेतीनचं. आठची मालिका आता साडेचारला लागणार होती. आई तासभर आधी बसली होती.

ताईच्या सासूबाई ऑक्टोबरात तिकडे असतील, तेव्हा हे उलटं होईल. घड्याळ मागे जाईल आणि साडेचारला बसाल तर मालिका संपलेली असेल. परवा त्यांच्याकडे पोहे खायला गेलो होतो. बॅगेत टाकायचं कालनिर्णय टेबलावर होतं. ऑक्टोबरचं पान काढलं आणि रविवार २६ च्या चौकोनात पेनानं लिहून दिलं : काकू, आजपासून साडेतीन.